तक्रारीची नळी

मित्रांनो, मला पाय नाहीत, खांद्यावर पिशवी नाही आणि सायकल तर नाहीच नाही. तरीही मी एक जुना निरोप्या आहे. मी एका संगणकात राहतो. तो संगणक एका बुटांच्या दुकानात, काउंटरमागच्या टेबलावर असतो. माझे वय सतरा वर्षे. त्यातल्या सोळा वर्षांबद्दल मी मान वर करून बोलू शकतो. सतराव्या वर्षी माझ्या हातून जे झाले ते मनाला खात राहते, म्हणून ही हकिकत तुमच्यापुढे ठेवतो आहे.

हे दुकान साध्या बुटांचे नाही. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांची बोटे वाकडी झाली आहेत, साखरेच्या आजाराने ज्यांचे तळपाय बधिर झाले आहेत, अशी माणसे इथे येतात. त्यांच्या प्रत्येक पायासाठी लाकडाचा वेगळा साचा घडवावा लागतो. त्याला कलबूत म्हणतात. कलबुतावर चामडे ताणून बूट शिवतात. कलबूत चुकले की बूट चुकला. दुकानाच्या मागच्या भिंतीवर अशी दोन-अडीचशे कलबुते जोडीजोडीने टांगलेली आहेत आणि प्रत्येकावर पेन्सिलने गिऱ्हाइकाचे टोपणनाव लिहिले आहे.

दुकान चालवत दोघे जण. मालक लाकूड घडवत, वहिनी चामडे कापत आणि शिवत. त्या मालकांच्या पत्नी, पण सगळी गिऱ्हाइके त्यांना वहिनीच म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

मालक संगणक शिकायला कुठल्या वर्गात गेले नव्हते. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्यांनी स्मॉलटॉक नावाच्या संगणक-भाषेचे एक जाड पुस्तक उचलून आणले आणि दुपारी गिऱ्हाईक नसले की ते त्यात डोके घालून बसत. या भाषेची गंमत अशी की तिच्यात सगळी कामे निरोप पाठवून होतात. तीन आणि चारची बेरीज हवी असेल, तर तीनला निरोप धाडायचा: तुझ्यात चार मिळव. तीन मुकाट्याने सात होऊन परत येतो. मालकांनी या भाषेत दुकानाची मापवही बांधली. त्या मापवहीत गिऱ्हाईक, पाय, कलबूत, सगळे जिवंत असल्यासारखे एकमेकांशी बोलत. आमचे ते अख्खे जग एका फाईलमध्ये मावते. मालकांनी जतन करून बंद केले की आम्ही जसे असू तसे गोठतो, आणि पुन्हा उघडले की अर्धे राहिलेले वाक्य पुढे बोलू लागतो. मधला काळ आम्हाला कळतच नाही.

पण आमच्या जगाला कुंपण होते. पायाचे माप काढणारा प्रोग्राम कुंपणाबाहेर राहत असे. तो दुसऱ्या कोणी, दुसऱ्या भाषेत लिहिलेला. दुकानात एक काचेची पेटी आहे. तिच्यावर गिऱ्हाइकाने अनवाणी उभे राहायचे, खालचे चार दिवे लागायचे आणि आतला कॅमेरा तळपायांचे चित्र काढायचा. ते चित्र बघून हा बाहेरचा प्रोग्राम लांबी, रुंदी, बोटांची ठेवण असे आकडे सांगत असे. त्याला आमचे निरोप समजत नसत. मग त्याच्याकडे जायचे कोणी? त्यासाठी मालकांनी मला घडवले. नाव वहिनींनी ठेवले.

"काय करणार हा?" त्यांनी विचारले होते.

"बाहेर जाणार, काम सांगणार, उत्तर घेऊन येणार."

"म्हणजे निरोप्याच की. ठेवा तेच नाव."

बाहेर जाणे सोपे नसते, मित्रांनो. दारावर ऑपरेटिंग सिस्टीम नावाची दारवान बसलेली असते. ती सांगेल त्या रीतीने बोललो, तरच बाहेरचा प्रोग्राम जागा होतो. जुन्या संगणकावर विंडोजची दारवान होती. तिला सगळा निरोप एका दमात, एकाच लांब ओळीत लागत असे. मग बाहेरचा प्रोग्राम ती ओळ मोकळी जागा दिसेल तिथे तोडून शब्द वेगळे करत असे. पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. 'उंच मास्तर' नावाच्या गिऱ्हाइकाची फाईल मी घेऊन गेलो, अवतरणचिन्हे न लावता. शब्द मधल्या जागेवर तुटले. बाहेरचा प्रोग्राम 'उंच' आणि 'मास्तर' अशी दोन माणसे शोधत बसला आणि दोघेही सापडले नाहीत.

वहिनी हसून हसून डोळे पुसू लागल्या. "अहो, मास्तरांचे दोन तुकडे केलेत की! आता उंचाला एक बूट द्या आणि मास्तरांना एक."

मालकांनी मला अवतरणचिन्हे लावायला शिकवले. नंतर मी तसा कधी चुकलो नाही.

बाहेरच्या प्रोग्रामपर्यंत माझ्या तीन नळ्या जातात. एका नळीतून मी त्याला काम सांगतो. दुसरीतून तो उत्तर देतो. तिसरी त्याच्या तक्रारीची. चित्र धूसर आहे, काच पुसा, पाय तिरपा ठेवला आहे, असे त्याला जे खटकेल ते तो तिसरीत सांगतो. आणि काम संपवून जाताना तो एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे काम पार पडले. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे बिनसले.

जुन्या संगणकावर तक्रारीची नळी मला सांभाळावीच लागत नसे. बाहेरचा प्रोग्राम जागा झाला की पडद्यावर एक छोटी काळी खिडकी उघडे आणि त्याच्या सगळ्या तक्रारी तिच्यात दिसत. वहिनींनी त्याचे नाव कुरकुऱ्या ठेवले होते. मी माप घेऊन आलो की मालक मोठ्याने सांगत, "शून्य! झालं." आणि शिवणयंत्रावरून वहिनी ठरलेला प्रश्न विचारत, "आणि कुरकुऱ्या काय म्हणतो?"

मग त्या उठून येत, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेत आणि काळी खिडकी वाचत. खिडकी रिकामी असली तर परत जात. एखादी ओळ असली तर काच पुसत, पुन्हा माप घ्यायला लावत. तरीही कुरकुर राहिली, तर खिळ्याला अडकवलेली कागदाची लांब पट्टी काढून गुडघ्यावर बसत आणि पायाभोवती गुंडाळून पेन्सिलने खूण करत. उंच मास्तर एकदा चेष्टेने म्हणाले होते, "वहिनी, एवढं यंत्र असताना पट्टी कशाला?"

"यंत्र स्वतःच सांगतंय मास्तर, मला नीट दिसलं नाही म्हणून. त्याच्या प्रामाणिकपणाला मान नको द्यायला?"

अशी आमची सोळा वर्षे गेली. लोक बूट घालून दुकानात चार फेऱ्या मारत आणि म्हणत, बोचत नाही हो कुठे. बोलत ते मालकांना आणि वहिनींना, पण त्यात माझाही थोडा वाटा आहे असे मला वाटे. फुशारकी म्हणा हवे तर.

मग जुना संगणक थकला. मालकांची लेक दूरच्या गावी शाळेत शिकवते. सुट्टीत आली तेव्हा ती नवा संगणक घेऊन आली. त्याच्यावर लिनक्सची दारवान होती. आमचे जग एका फाईलमध्ये मावत असल्याने आम्ही जसेच्या तसे नव्या घरी गेलो. मापवहीला काही फरक पडला नाही. फरक पडला तो मला एकट्याला, कारण दाराशी माझीच गाठ. नव्या दारवानीला निरोप एका ओळीत नको होता, शब्द वेगवेगळे हवे होते. फाईल कुठे ठेवली आहे तो रस्ता लिहायच्या तिरक्या रेघा उलट्या झुकल्या. मालकांनी तीन दिवस बसून मला नव्या रीतीभाती शिकवल्या. माप पुन्हा येऊ लागले आणि मालक टाळी वाजवून म्हणाले, "शून्य! झालं."

"आणि कुरकुऱ्या काय म्हणतो?" वहिनी उठून आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. "अहो, ती काळी खिडकी कुठे गेली?"

"इथे ती आपोआप येत नाही. नळी जोडलीय मी, पण वाचायची सोय करायची राहिलीय. करतो नंतर."

तो 'नंतर' काही आला नाही. तक्रारीची नळी माझ्या हातात होती, पण तिच्या तोंडाशी कान लावायला मला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितल्याशिवाय मी काही करत नाही. निरोप्याचा हा गुण आहे असे मी सोळा वर्षे समजत होतो.

दीड महिना गेला. एके दिवशी दुपारी एक निवृत्त बसचालक काचेवर उभे होते. मी कुरकुऱ्याला काम सांगून उत्तराची वाट बघत थांबलो. उत्तर येईना. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मी थांबलो म्हणजे आमचे सगळे जग थांबले, पडदा गोठला. बसचालक म्हणाले, "सिग्नल लागलाय का?"

मालकांनी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावले आणि कारण शोधत बसले. संध्याकाळी चहाच्या वेळी ते सापडले. नळीत ठरावीक अक्षरेच मावतात, साधारण पासष्ट हजार. कुरकुऱ्याने तक्रारी लिहून लिहून नळी काठोकाठ भरली होती. पलीकडून कोणी ती रिकामी करत नव्हते, म्हणून पुढचे अक्षर हातात धरून तो अडून बसला होता. तो माझी वाट बघत होता आणि मी त्याची.

"नळी तुंबली होती," मालकांनी वहिनींना सांगितले. त्यांना हायसे वाटले होते.

"मग आता?"

"सोपं आहे. दारवानीकडे एक बिनबुडाचा खड्डा असतो. त्यात टाकलेलं काही परत येत नाही. नळीचं तोंड त्या खड्ड्यात सोडतो. परत तुंबायला नको."

वहिनींच्या हातात कपबशी होती. त्या म्हणाल्या, "अहो, पण तुंबली म्हणजे तो पुष्कळ काहीतरी बोलत होता ना? काय बोलत होता?"

"त्याची नेहमीची किरकिर. दुसरं काय असणार!"

मालकांनी माझ्यात एक ओळ लिहिली आणि तिच्या शेजारी स्वतःसाठी टीप ठेवली: 'तूर्तास. नंतर बघू.' मी पुन्हा धावू लागलो. पूर्वीपेक्षा जलद धावू लागलो, कारण आता मागे वळून बघायचे कारणच नव्हते. दुसऱ्या दिवशी बसचालकांचे माप एका मिनिटात आले. मालकांनी माझी पाठ थोपटावी तसा संगणक थोपटला, आणि मला त्याचा आनंद झाला. आज तो आनंद आठवला की लाज वाटते.

आता ऐका कुरकुऱ्या काय सांगत होता. पेटीतल्या चार दिव्यांपैकी डाव्या कडेचा दिवा मंद होत चालला होता. वरून बघणाऱ्याला सगळे पांढरेच दिसे. पण चित्राच्या प्रत्येक ओळीगणिक कुरकुऱ्या सांगत होता की या बाजूला उजेड कमी आहे. चित्रात दोन हजार ओळी, म्हणून दोन हजार तक्रारी, म्हणून नळी भरली. नळी तुंबली हीच मोठी तक्रार होती. तिच्यावर उपाय म्हणून आम्ही त्याचे तोंड बंद केले. तरी तो शून्यच ठेवून जात असे, कारण त्याच्या मते काम झाले होते. फक्त त्यावर विसंबू नका, एवढे त्याचे म्हणणे होते. ते म्हणणे मी खड्ड्यात टाकून येत होतो आणि शून्य तेवढे मिरवत आणत होतो.

ती ओळ लिहिल्यानंतर चौदाव्या दिवशी वहिनी स्वतः काचेवर उभ्या राहिल्या.

त्यांनाही साखरेचा आजार होता. वर्षभरापासून तळपाय बधिर होत चालले होते. एकदा चपलेत टाचणी टोचून बसली आणि संध्याकाळपर्यंत त्यांना कळली नाही. डॉक्टरांनी मापाचे बूट घालायला सांगितले.

"एवढी वर्षं गावाला बूट केलेत, बायकोच्या पायांची आज आठवण झाली," वहिनी काचेवर चढताना म्हणाल्या.

"तुझे पाय शिवणयंत्राखालून बाहेर येतील तेव्हा ना! सरळ उभी राहा."

"उभीच आहे. तुम्ही हलताय."

मी गेलो, आलो. मालक म्हणाले, "शून्य! डावा पाय, रुंदी चौऱ्याण्णव."

वहिनी काचेवरून उतरल्या. सवयीने पडद्याकडे बघितले. मग खिळ्याकडे. "पट्टी लावायची का एकदा?"

"कशाला? निरोप्या शून्य घेऊन आलाय."

"बरं. तुमच्या निरोप्यावर विश्वास," असे म्हणून त्या हसल्या आणि यंत्रावर जाऊन बसल्या.

मित्रांनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. वहिनींच्या डाव्या पायाची रुंदी शंभर होती. कडेचा भाग अंधारात होता म्हणून कुरकुऱ्याने सावलीपाशी पाय संपवला होता, आणि तसे त्याने सांगितलेही होते. सहा मिलिमीटर. तुमच्या मोजपट्टीवर बघा, केवढीशी जागा असते.

बूट फार देखणे झाले. वहिनींनी ते स्वतः शिवले. त्यांना काही टोचले नाही, कारण टोचल्याचे कळतच नव्हते. तुमचा पाय चिमटला की दुखतो, आणि दुखते म्हणून तुम्ही तो सोडवता. दुखणे म्हणजे पायाने केलेली तक्रार. वहिनींच्या पायाची तक्रारीची नळी आजाराने बंद केली होती. म्हणूनच तर माप अचूक हवे होते. पण माझीही नळी बंद होती. बाराव्या दिवशी मोजा काढताना करंगळीजवळ डाग दिसला. मालक म्हणाले, "साधी जखम आहे, मलम लावू." आणखी चार दिवसांनी वहिनींना ताप भरला. मालक दुकान बंद करायला आले, घाईघाईने आमचे जग जतन केले आणि संगणक झाकला. तेव्हा मी मापवहीला काहीतरी सांगत होतो.

ते वाक्य मी पुढे बोलू लागलो, तेव्हा वहिनी गेलेल्या होत्या.

मी तुम्हाला सांगितले ना, मधला काळ आम्हाला कळत नाही. दवाखाना, काढलेले बोट, अंगभर पसरलेला ताप, त्यातले काहीच मी पाहिले नाही. माझ्यासाठी मध्ये एक क्षणही गेला नव्हता. शिवणयंत्रावर कापड टाकलेले होते. मालकांची दाढी वाढली होती. लेक काउंटरजवळ उभी होती आणि तिच्या हातात वहिनींचा डावा बूट होता.

"बाबा, हा बूट आईला लागत होता," ती म्हणाली. तिने बुटात हात घातला होता. "इथे आतून चामडं काळं पडलंय बघा."

"माप बरोबर होतं. डॉक्टर म्हणाले, साखर आधीच फार वाढलेली होती."

"डॉक्टरांचं मी ऐकलंय. मी बुटाचं विचारतेय. माप कोणी घेतलं?"

"यंत्राने घेतलं. शून्य आलं होतं. शून्य म्हणजे सगळं ठीक."

लेकीने बूट काउंटरवर ठेवला. "माझ्या वर्गात एक मुलगी आहे. कधीच तक्रार करत नाही. मी रोज आधी तिच्याकडे बघते."

मालकांनी खुर्ची ओढली आणि मला उघडले. आमच्या जगात प्रत्येक बदलाखाली तारीख लिहिली जाते. ती ओळ आणि ती टीप त्यांच्यासमोर आली. 'तूर्तास. नंतर बघू.' त्यांनी बोटांवर दिवस मोजले. चौदा.

ते मला सहज दोष देऊ शकले असते. यंत्र चुकले म्हटले असते, तर लेकीने मानलेही असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी ती ओळ पुसली आणि त्या दिवशी दुपारभर बसून मला नवे काम शिकवले: उत्तराची आणि तक्रारीची अशा दोन्ही नळ्या आलटून पालटून रिकाम्या करायच्या, एकही तुंबू द्यायची नाही, आणि तक्रारीत आलेले प्रत्येक अक्षर पडद्यावर आणून ठेवायचे. मग त्यांनी मापवहीतून वहिनींच्या पायांचे जतन केलेले चित्र काढले आणि लेकीला म्हणाले, "इथे ये. हे तुझ्यासमोरच व्हायला हवं."

मी गेलो. कुरकुऱ्याला ते चित्र दिले. त्याच्यात काही बदललेले नव्हते. जे तेव्हा सांगितले तेच तो पुन्हा सांगू लागला, आणि या वेळी मी एकेक ओळ घेऊन आलो. पडदा भरला, सरकला, पुन्हा भरला. शेवटी तीन वाक्ये आली. लेकीने ती मोठ्याने वाचली.

"डाव्या पायाची बाहेरची कड दिसत नाही. माप अंदाजे आहे. हाताने तपासा."

त्यांच्याखाली शून्य.

मालकांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "तिने विचारलं होतं," ते म्हणाले. "दोनदा विचारलं होतं. पट्टी लावू का म्हणाली होती. मी नको म्हटलं. यंत्र नाही, मी."

लेक रडली नाही. तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला नाही, आणि असू दे असेही म्हणाली नाही. तिने चष्मा पुसला आणि विचारले, "बाबा, त्या दिवसांत आणखी कोणाकोणाची मापं घेतलीत?"

मालकांनी मान वर केली. मला वाटते, इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच कोणाकडे तरी सरळ बघत होते.

काळी खिडकी गेल्यापासून वहिनींशिवाय नऊ जणांची मापे झाली होती. मी नऊही चित्रे घेऊन धावलो. सहा जणांचे पाय काचेच्या मधोमध होते, त्यांच्या मापाबद्दल कुरकुऱ्याची तक्रार नव्हती. तिघांच्या मापावर त्याने कुरकुर केली. त्यातले दोघे पूर्वीच बूट चावतो म्हणून परत आले होते आणि मालकांनी चामडे कडक असेल असे समजून ते सैल करून दिले होते. त्यांना दुखले, म्हणून ते सुटले. तिसरे होते घड्याळजी, पलीकडच्या गल्लीत घड्याळे दुरुस्त करणारे. वहिनींसारखेच बधिर पाय.

मालकांनी फोन लावला. "घड्याळजी, नवे बूट घालू नका. असाल तसे दुकानात या."

पण बाहेर जायचे म्हटल्यावर माणूस चांगलेच घालतो. घड्याळजी नवे बूट घालूनच आले आणि दारातच हात जोडून म्हणाले, "वहिनींचं कळलं. यायचा धीर झाला नाही. पण असं एकदम का बोलावलंत?"

"बसा. बूट काढा."

"बूट उत्तम आहेत हो! दुकानात मी चपलाच घालतो, हे बाहेर जातानाच काय ते. मला तर काहीच दुखत नाही."

"म्हणूनच बोलावलं," मालक म्हणाले.

लेकीने मोजा काढला. करंगळीच्या बाजूला बोराएवढा लाल डाग होता. कातडी अजून फुटली नव्हती.

मालकांनी खिळ्यावरची कागदाची पट्टी काढली. तिच्यावर वहिनींच्या पेन्सिलच्या जुन्या खुणा होत्या. ते गुडघ्यावर बसले, घड्याळजींचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी गुंडाळली. खूण करून त्यांनी पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा मोजले. घड्याळजी म्हणाले, "वहिनी एकदाच मोजायच्या."

"हो. तिला येत होतं," मालक म्हणाले. मग त्यांनी घड्याळजींना झाली ती सगळी हकिकत सांगितली, एक शब्दही न गाळता. घड्याळजींनी ऐकून घेतले. नवे बूट कागदात गुंडाळून काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "नवं माप पट्टीचं घ्या." ते मालकांच्या चपला पायात अडकवून लेकीबरोबर डॉक्टरकडे गेले. त्यांचा पाय बरा आहे. आजही ते चालत येतात.

पेटीतला दिवा बदलला आहे. पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा एक काळी खिडकी असते. नव्या संगणकाला तिची गरज नाही, पण मालकांनी ती मुद्दाम बनवली. ती टीपही त्यांनी पुसली नाही. ओळ गेली, टीप तशीच आहे. मला उघडले की ती आधी दिसते.

मित्रांनो, मी कोणाला उपदेश करावा इतका निर्दोष नाही. पण तुम्ही पुढे काहीही बनवाल, घर, औषध, बूट किंवा माझ्यासारखा एखादा निरोप्या, तेव्हा त्याला तक्रार करायची एक जागा ठेवा आणि त्या जागेपाशी रोज जाऊन बसा. किरकिर ऐकून कंटाळा आला तरी तिचे तोंड बंद करू नका. आणि घरात कोणी काहीच म्हणत नसेल, तर त्याचे बरे चालले आहे असे धरून चालू नका. उठून विचारा.

कालही एक गिऱ्हाईक काचेवर उभे होते. मी शून्य घेऊन आलो. मालक 'झालं' म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि रिकाम्या शिवणयंत्राकडे न बघता विचारले, "आणि कुरकुऱ्या काय म्हणतो?"

मी घाई केली नाही. दोन्ही नळ्या शेवटच्या अक्षरापर्यंत रिकाम्या केल्या आणि मगच सांगितले.